मुलांना वर्गात बोलू द्या : आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात आपले परिपत्रक मुख्याध्यापकांनी आम्हाला वाचून दाखवले. आठवी ते दहावीच्या सेमी इंग्रजी तुकड्यांसाठी त्यात चार सूचना आहेत. विज्ञान आणि गणिताच्या तासाला शिक्षकांनी आणि मुलांनी फक्त इंग्रजी बोलायचे. गटचर्चा, जोडीने बोलणे आणि तत्सम उपक्रम बंद करायचे, कारण त्यांत वेळ जातो आणि शेजारच्या वर्गाला त्रास होतो. आठवड्यातला एक तास आम्ही विज्ञानाच्या इंग्रजीसाठी राखून ठेवला होता, त्यात आता प्रश्नसंच सोडवून घ्यायचे. आणि वर्गाच्या भिंतींवरचे तक्ते उतरवायचे.

या सूचनांवर मी माझे म्हणणे लेखी दिले. त्याला उत्तर आलेले नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. ज्यांची मुले या तुकड्यांत बसतात त्या पालकांना, आणि कोकणातल्या इतर शाळांत असेच काही करू पाहणाऱ्या शिक्षकांना, नेमके काय बंद होते आहे हे कळायला हवे. संस्थेचे आणि गावाचे नाव मी लिहिलेले नाही. कुणाचा पाणउतारा करायचा नाही, निर्णय बदलून घ्यायचा आहे.

मी याच किनाऱ्यावर वाढले. मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी दहावी झाले आणि अकरावी सायन्सच्या वर्गात जाऊन बसले. सर शिकवत होते तो विषय मला माहीत होता आणि सर बोलत होते ते कळत नव्हते. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुली दिवाळीनंतर कलाशाखेत गेल्या. त्यांतल्या काही माझ्याहून हुशार होत्या. पुढे सेमी इंग्रजीच्या तुकड्या गावोगाव निघाल्या, तेव्हा आता असे होणार नाही अशी मला फार आशा वाटली होती. पुस्तक इंग्रजीत आले खरे. पण त्या पुस्तकाच्या भाषेत विचार कसा करायचा, शंका कशी विचारायची, कारण कसे मांडायचे, हे मुलांना शिकवण्याची सोय कुणी केली नाही. आम्ही काही शिक्षकांनी ते काम जमेल तसे सुरू केले होते, आणि परिपत्रकाने नेमके तेच थांबवले आहे.

आपल्या वर्गांत कोण बसते ते आपण जाणता, तरी इथे लिहिते. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला, जाणाऱ्यांची मुले आहेत. आंबा-काजूच्या बागांत मजुरी करणाऱ्यांची आहेत, बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आहेत, चिरेखाणीवर आलेल्या कन्नड बोलणाऱ्या कामगारांची आहेत. बहुतेकांच्या घरी मालवणी, काहींच्या घरी कोकणी मुसलमानांची बोली. पुस्तकातली प्रमाण मराठी हीच यांतल्या अनेकांची शाळेत येऊन शिकलेली भाषा. इंग्रजी त्यानंतरची, कुणाची तिसरी, कुणाची चौथी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्यामुळे आज आठवीत आलेल्या मुलाचे इंग्रजी सात वर्षे शिकून झालेले असते, आणि एवढे शिकल्यावर त्याला इंग्रजीतून विज्ञान कळायलाच हवे, असे मानले जाते. परिपत्रकातली पहिली सूचना याच समजुतीवर उभी आहे. ही समजूत चुकीची आहे.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली दाखवून दिले की रोजच्या बोलण्याची भाषा येणे आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परदेशातून आलेली मुले बोलण्यापुरते इंग्रजी साधारण दोन वर्षांत उचलतात. पण अभ्यासाच्या इंग्रजीत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. त्या मुलांच्या कानांवर दुकानात, रस्त्यावर, खेळाच्या मैदानावर इंग्रजी पडत होते. आमच्या मुलांच्या कानांवर ते फळ्यासमोर पडते, आणि शाळा सुटली की संपते.

हा फरक आपल्या किनाऱ्यावर डोळ्यांनी दिसतो. सुट्टीत पर्यटकांच्या होडीवर काकाला मदत करणारा आठवीतला मुलगा परराज्यातल्या पाहुण्यांशी इंग्रजीत बिनधास्त बोलतो. डॉल्फिन कुठे दिसतील, लाइफ जॅकेट कसे बांधायचे, परत यायला किती वेळ लागेल, सगळे सांगतो. लोखंडी खिळा बुडतो आणि लोखंडी जहाज तरंगते याचे कारण चाचणीत विचारले, तर तोच मुलगा 'बिकॉज शिप इज बिग' एवढे लिहून थांबतो. मालवणीत विचारा, मग तो जहाजाच्या पोकळ पोटापासून सुरुवात करतो आणि थांबवल्याशिवाय थांबत नाही. कारण त्याला ठाऊक आहे. ते मांडायला लागणारे इंग्रजी, म्हणजे दोन वस्तूंची तुलना करणारे, 'अमुक वाढले की तमुक कमी होते' असे सांगणारे इंग्रजी, त्याला कुणी शिकवलेले नाही. होडीवर त्याची कधी गरजही पडली नाही.

मोठ्या पारिभाषिक शब्दांवर मुले सहसा अडत नाहीत. 'डेन्सिटी', 'बॉयन्ट फोर्स' हे शब्द आम्ही फळ्यावर लिहितो, समजावतो, मुले पाठही करतात. ती अडतात 'फॅक्टर', 'इंडिकेट', 'व्हेरी', 'प्रोसेस' अशा शब्दांवर. हे शब्द सगळ्या विषयांत येतात, त्यामुळे कुठल्याच विषयाचे शिक्षक ते आपले समजत नाहीत. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून निघालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या विद्यापीठीय मजकुरापैकी साधारण दहा टक्के मजकूर याच शब्दांचा होता. यादी विद्यापीठातल्या मजकुरावरून केलेली असली तरी तिच्यातले पुष्कळ शब्द आठवी-नववीच्या विज्ञानात भेटतात. इंग्रजीच्या तासाला कविता आणि गोष्टी असतात, विज्ञानाच्या तासाला धडा पुरा करायची घाई असते. हे शब्द मुलांनी शिकायचे कुठे? आम्ही राखून ठेवलेला आठवड्याचा एक तास त्यासाठीच होता.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मराठीबंदीची आहे. विज्ञानाच्या तासाला मराठी आणि मालवणीचे काय काम असते, हे एका उदाहरणाने सांगते. बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो हा भाग मी सुक्या मासळीवरून घेत असे. मुलांनी घरी विचारून यायचे : सुकट आणि खारे बांगडे कधी वाळत घालतात, पसरून का घालतात, वाऱ्याची जागा का बघतात, पावसाळा लागला की ते काम का थांबते. दुसऱ्या दिवशी वर्ग बोलायला लागला की आवरत नसे. माहिती आजीची, शब्द मालवणी, आणि तिच्यात पृष्ठफळ, तापमान, वारा आणि हवेतली आर्द्रता हे चारही घटक आपसूक आलेले असत. मग चार गट करायचे आणि प्रत्येक गटाला एक घटक द्यायचा. ओला रुमाल घडी करून ठेवला आणि उलगडून ठेवला, पंख्याखाली ठेवला आणि कोपऱ्यात ठेवला, असे साधे प्रयोग करायचे. दिसले ते मराठीत तक्त्यात भरायचे.

इंग्रजी इथून पुढे. फळ्यावर वाक्याचा सांगाडा लिहायचा : 'ॲज द … इनक्रीजेस, द रेट ऑफ इव्हॅपोरेशन …'. प्रत्येक गटाने आपला घटक त्यात बसवून वाक्य तयार करायचे, मोठ्याने म्हणायचे, एकमेकांचे ऐकून सुधारायचे. मग गट मोडायचे आणि नवे असे बांधायचे की प्रत्येक नव्या गटात चारही घटकांचा एकेक जाणकार असेल. आता त्याने किंवा तिने उरलेल्या तिघांना आपला भाग इंग्रजीत सांगायचा. ही पद्धत एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बसवली. तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. प्रत्येकाकडे असा एक तुकडा द्यायचा की त्याच्याशिवाय इतरांचे काम पुरे होणार नाही, एवढी साधी कल्पना. आमच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या नेपाळी मुलीकडे आर्द्रतेचा तुकडा आला, तेव्हा तिचे ऐकल्याशिवाय बाकीच्यांना पुढे जाता येत नव्हते. ती सावकाश, अडखळत बोलली, आणि सगळ्यांनी कान देऊन ऐकले. शेवटी सांगाडा पुसायचा आणि धड्यात नसलेला प्रश्न द्यायचा : शिरोड्याच्या मिठागरांत पावसाळ्यात मीठ का पिकवत नाहीत? उत्तर इंग्रजीत, स्वतःच्या वाक्यात. बहुतेक मुलांना चार-पाच वाक्ये लिहिता येत. चुका असत. विचार मात्र त्यांचा स्वतःचा असे.

यातली मराठी-मालवणी काढून टाका, मग काय उरते ते या जूनमध्ये मी पाहते आहे. मी इंग्रजीत विचारते, मुले वहीकडे बघतात. ज्यांना उत्तर येते तीही तोंड उघडत नाहीत, कारण चुकीचे इंग्रजी बोलण्यापेक्षा गप्प बसणे सुरक्षित असते. मराठी थांबली म्हणून इंग्रजी आले, असे एकाही तासाला झालेले नाही.

आणि हे काही माझ्या मनाचे नाही. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात वर्गातली हीच रीत मांडली : एका भाषेत वाचायचे-ऐकायचे आणि दुसऱ्या भाषेत बोलायचे-लिहायचे, म्हणजे मजकूर डोक्यातून जावाच लागतो, नुसता उतरवता येत नाही. आपले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० विज्ञान आणि गणितासाठी चांगली द्विभाषिक पुस्तके आणि साहित्य तयार करायला सांगते, ते अशासाठी की मुलांना या विषयांचा विचार आणि त्यांविषयीचे बोलणे आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हीत करता यावे. शिक्षण हक्क कायदा, २००९, याचे कलम २९ आठवीपर्यंतच्या मुलांसाठी सांगते की शिकणे कृतीतून आणि शोधातून व्हावे, शक्य तिथवर मातृभाषेतून व्हावे, आणि मुलाला भीती न वाटता आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. आपले परिपत्रक या तिन्ही गोष्टींच्या उलट जाते. कार्यकारी मंडळात वकील सदस्य आहेत. त्यांनी हे कलम परिपत्रकाशेजारी ठेवून वाचावे, ही विनंती.

दुसरी तक्रार गटचर्चेवर मारलेल्या 'गोंधळ' या शेऱ्याबद्दल. वर्गात आवाज होतो हे खरे आहे, तो होणारच. पण तो कशाचा होता हे कुणी आत येऊन ऐकले नाही.

एक उपक्रम असा असतो. तरंगण्यावरचा पाच-सहा ओळींचा इंग्रजी परिच्छेद मी नेहमीच्या वेगाने दोनदा वाचते. पहिल्यांदा मुलांनी नुसते ऐकायचे. दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे. सगळे लिहून घ्यायला वेळ मिळतच नाही. मग तिघा-चौघांनी मिळून आपापल्या टिपणांवरून तो परिच्छेद पुन्हा उभा करायचा. हा 'डिक्टोग्लॉस' ऑस्ट्रेलियातल्या रुथ वाइनरिब यांनी मांडला आणि दुसरी भाषा शिकवणाऱ्यांमध्ये तो जगभर चालतो. आमच्या वर्गात यावर भांडणे होतात. 'बोट डिस्प्लेसेस वॉटर' की 'बोट इज डिस्प्लेस्ड'? कोण कुणाला बाजूला सारते? एका गटात यावरून बराच वाद झाला आणि शेवटी एकाने पाण्याच्या बादलीत वाटी दाबून दाखवली. त्याच तासाला एक मुलगा म्हणाला, "बाई, पावसात होडी खाडीत जास्ती बुडान रवता." पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी भरते, पाण्याची घनता कमी होते, तेवढाच भार पेलायला होडीला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. आर्किमिडीजचे तत्त्व त्याने वडिलांच्या होडीवर आधीच पाहिलेले होते. ते इंग्रजीत मांडायला वर्गाने त्याला मदत केली. शेजारच्या वर्गात गेलेला आवाज तो हा.

दुसरा उपक्रम अगदी छोटा. प्रश्न विचारायचा, मुलांना क्षणभर एकट्याने विचार करू द्यायचा, मग शेजाऱ्याशी बोलू द्यायचे, आणि त्यानंतरच वर्गाला उत्तर विचारायचे. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ साली ही रीत मांडली. त्याआधी मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत बसून पाहिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांब होतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलतात. ज्या मुलाला प्रश्न आधी मनात मालवणीत आणावा लागतो, मग उत्तर शोधावे लागते आणि ते पुन्हा इंग्रजीत न्यावे लागते, त्याला ते तीन सेकंदही अपुरे पडतात. शेजाऱ्याशी बोलून घेतले की त्याच्या तोंडात वाक्य तयार असते. याला फार तर दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे वाया जातात, असे परिपत्रक म्हणते.

पालकांना मुलांच्या तोंडून इंग्रजी ऐकायचे आहे, असे आपण सभेत सांगितलेत. मग हिशेब सरळ आहे. ३५ मिनिटांच्या तासात मी एकटी इंग्रजीत शिकवत राहिले तर इंग्रजीचा सराव माझा होतो. मुलांना जोड्यांत बोलायला लावले तर एकाच वेळी अर्धा वर्ग इंग्रजी बोलत असतो आणि अर्धा ऐकत असतो.

तिसरी तक्रार प्रश्नसंचाची. 'गिव्ह सायंटिफिक रीझन्स' हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक विज्ञानाच्या विद्यार्थ्याला माहीत आहे. प्रश्नसंचात अशी कारणे उत्तरांसकट छापलेली असतात. आम्ही ती फळ्यावर लिहायची, मुलांनी उतरवायची, पाठ करायची. प्रश्न जसाच्या तसा आला तर गुण मिळतात. पण 'व्हाय डू वेट क्लोद्ज ड्राय फास्टर ऑन अ विंडी डे' पाठ केलेल्या मुलाला 'क्लोद्ज'च्या जागी 'फिश' घालून विचारले, की तो हा प्रश्न आपल्याला शिकवलाच नाही म्हणतो. त्याने कारण शिकलेलेच नसते, ओळी शिकलेल्या असतात.

कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुले राज्यात पुढे राहिली आहेत. याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते की इतकी चांगली दहावी झालेली आपली मुले अकरावी सायन्सला का चाचपडतात? सुट्टीत भेटायला येणारे विद्यार्थी मला सांगतात की पहिल्या सहामाहीत वर्गात काय चालले आहे तेच कळले नाही, विचारायचे कसे तेही कळले नाही. काही जण खासगी क्लासला लागतात. ज्यांच्या घरी तेवढे पैसे नसतात ती सायन्स सोडतात. माझ्या वेळी मराठी माध्यमातून आलेल्यांचे जे झाले, ते आता सेमीतून आलेल्यांचे होते आहे. प्रश्नसंचाने आपला दहावीचा निकाल टिकेल. त्या निकालानंतर मुलांच्या वाट्याला जे येते त्याचाही विचार संस्थेने करायला हवा.

भिंतीवरच्या तक्त्यांबद्दल थोडेच सांगते. परीक्षेत मुले त्यांवर बघून लिहितात, हा आक्षेप आहे. परीक्षेच्या दिवशी आम्ही त्यांवर वर्तमानपत्र लावू. त्यांवर तुलना करायची, कारण द्यायचे, अंदाज सांगायचा यासाठीची वाक्ये मुलांनी स्वतःच्या अक्षरांत लिहिलेली आहेत. 'ऑन द अदर हँड', 'धिस शोज दॅट', 'इफ… देन…'. बोलताना अडले की मूल मान वळवून तिकडे बघते आणि वाक्य पुरे करते. हळूहळू बघायचे थांबते.

आणखी एक गोष्ट, जिचा परिपत्रकात उल्लेख नाही. आम्हा शिक्षकांपैकी बहुतेक स्वतः मराठी माध्यमातले आहोत. इंग्रजीतून विज्ञान कसे शिकवायचे, आणि विज्ञानातून इंग्रजी कसे, याचे प्रशिक्षण आम्हाला मिळालेले नाही. वर लिहिलेल्या पद्धती आम्ही स्वतः वाचून, एकमेकांचे तास बघून बसवल्या. ज्यांना हे येत नाही त्यांच्यावर 'फक्त इंग्रजी'ची सक्ती केली, तर ते पुस्तकातली वाक्ये मोठ्याने वाचून दाखवण्यापलीकडे फारसे काही करू शकणार नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही.

आपली अडचण मला दिसते. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी आता आमच्या वाडीपर्यंत येते आणि दर वर्षी पाचवीतली काही मुले तिकडे जातात. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातात. आपल्या शाळेत पूर्ण इंग्रजी चालते असे पालकांना दाखवण्याची निकड त्यातून आली आहे. पण पालकांना दाखवण्याजोगे आपल्याकडे याहून चांगले आहे. त्यांना तासाला बोलवा. आपले मूल उभे राहून, अडखळत का होईना, मासळी का वाळते ते इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत सांगते आहे, हे त्यांना बघू द्या. ज्या पालकांनी असा तास पाहिला आहे, त्यांतल्या कुणीही आवाजाची तक्रार केलेली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विज्ञान आणि गणिताच्या तासाला मराठी आणि मुलांच्या घरच्या भाषा वापरण्यावरची बंदी लेखी मागे घ्यावी. कोणत्या टप्प्यावर कोणती भाषा वापरायची हे विषयशिक्षकाला ठरवू द्यावे. धड्याच्या शेवटी मुलाने इंग्रजीत बोलले-लिहिले पाहिजे, ही अट आम्हाला मान्य आहे.

आठवड्याचा राखीव तास परत द्यावा. शेजारच्या वर्गाला त्रास होत असेल तर त्या तासाला शाळेचे सभागृह द्यावे. प्रार्थनेनंतर ते दिवसभर रिकामेच असते.

जोडीने आणि गटाने बोलण्याचे उपक्रम पुन्हा सुरू करू द्यावेत आणि तक्ते भिंतीवर राहू द्यावेत.

सेमी इंग्रजीच्या सर्व विषयशिक्षकांना या पद्धतींचे प्रशिक्षण मिळावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे त्यासाठी मागणी करावी, आणि ते होईपर्यंत महिन्यातून एकदा आम्हाला एकमेकांचे तास पाहायला मोकळीक द्यावी. यासाठी संस्थेला पैसा खर्च करावा लागणार नाही.

अभ्यासक्रम मागे पडतो की नाही हे मतावर सोडू नये. प्रथम सत्र परीक्षेत प्रश्नसंचाबाहेरचे दोन कारणे-द्या प्रश्न सगळ्या तुकड्यांना सारखेच घालावेत, उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घ्याव्यात, आणि कोणत्या पद्धतीने शिकलेली मुले काय लिहितात ते पालकसभेत सर्वांसमोर ठेवावे. जे निघेल ते मी मान्य करीन.

आणि यापुढे वर्गातल्या शिकवण्याबद्दल निर्णय घेताना विषयशिक्षकांना आधी विचारावे.

गणपतीच्या सुट्टीपूर्वी या पत्राला लेखी उत्तर मिळावे, अशी विनंती आहे. सुट्टीनंतर प्रथम सत्र परीक्षेची तयारी सुरू होते, आणि तोवर निर्णय लांबला तर हे वर्ष या मुलांच्या हातून जाईल. त्याआधी सदस्यांपैकी कुणालाही आठवीचा विज्ञानाचा तास पाहायचा असेल तर तो रोज मधल्या सुट्टीनंतर लगेच असतो. आधी कळवण्याची गरज नाही. दार उघडे असते, शेवटच्या बाकावर जागा असते.

आपली नम्र,
सेमी इंग्रजी तुकडीची विज्ञान शिक्षिका